पद्मालय किती लांब?

एरंडोल तालुक्यातले एक लहान गाव. त्या गावात एक आजी आहे. सारे गाव तिला आजीच म्हणते. वय पंचाहत्तरीच्या पुढे. लग्न होऊन ती या गावात आली, तेव्हा सोळा वर्षांची होती. त्या दिवसापासून तिने एक गोष्ट मनात धरली होती. पद्मालयाच्या तळ्यातली कमळे बघायची.

पद्मालय किती लांब? एरंडोलहून दहा किलोमीटर. आजीच्या गावाहून बैलगाडीने तीन तास. सकाळी पायी निघालेला माणूस दुपारच्या आत पोचतो. आजीला मात्र साठ वर्षे पुरली नाहीत.

का बरे? कोणी तिला अडवले होते का? नाही. नवरा भला होता. मुलगाही भला आहे. पण कधी पेरणी, कधी निंदणी, कधी कापसाची वेचणी. कधी लेकीचे बाळंतपण, कधी गाय विणार. "आवंदा नही, पुढला साल देखू," असे म्हणता म्हणता साठ साले गेली. या साठ वर्षांत नवरा पद्मालयाला जाऊन आला. मुलगा जाऊन आला. नातू तर मित्रांच्या मोटारसायकलवर तीनदा जाऊन आला. त्या सगळ्यांच्या भाकरी आजीनेच बांधून दिल्या.

आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा हे नावच वाचून पाहा. पद्म म्हणजे कमळ. आलय म्हणजे घर. पद्मालय म्हणजे कमळांचे घर. देवालय म्हणजे देवाचे घर. विद्यालय, ग्रंथालय हे शब्दही असेच फोडता येतात. आजीला हे कोणी फोडून सांगितले नव्हते. पण तिथे कमळे आहेत, एवढे तिला ठाऊक होते.

मौज म्हटली की आपल्याला आधी पैसा आठवतो. मौज म्हणजे शहर, हॉटेल, सिनेमा. ती आपली नव्हे, पैसेवाल्यांची. असे म्हणून आपण कामाला लागतो. पण आजीला विचारा. ती वर्षभराची मौज बोटांवर मोजून दाखवील. त्यातली थोडी तिला मिळाली. पुष्कळशी दारावरून गेली.

आपले साल आखाजीला सुरू होते. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, वैशाख शुद्ध तीज. जुना हिशेब आखाजीला फिटतो आणि सालदार आखाजीपासून नवे साल धरतो. खानदेशात या सणाला दिवाळीएवढा मान आहे. लेकी माहेरी येतात. पितरांसाठी घागर भरतात. पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या होतात. निंबाच्या फांदीला झोका बांधतात आणि बायका झोक्यावर गाणी म्हणतात. सासरचे जे उणेदुणे घरात बोलता येत नाही, ते झोक्यावरून गाता येते. सासूही ऐकून हसते, कारण तिनेही आपल्या वेळी तेच गायलेले असते.

पुरुष मंडळी पत्ते कुटतात. घडीभर खेळले तर मौज आहे. पैशांवर बसले, तर सालदाराची उचल त्या एका रात्रीत जाते आणि मग वर्षभर फुकट राबणे. ही मौज सर्वांत महाग. तिच्याविषयी जास्त लिहीत नाही.

वैशाखातच अंमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा भरते. बोरी नदीच्या पात्रात दुकाने लागतात. एकादशीला रथ निघतो, पौर्णिमेला पालखी. आजीने हा रथही पाहिलेला नव्हता. रथाच्या दिवसांत तिच्या घरी पापड, कुरडया आणि बिबड्यांची घाई असते ना!

आपल्याकडचा उन्हाळा कडक. जळगावचा पारा 45 अंशांवर जातो. दिवसा कुत्रेसुद्धा सावली सोडत नाही. पण रात्री धाब्यावर अंथरूण टाकून पडावे, त्यासारखे सुख नाही. मातीची धाबी आता कमी झाली. सिमेंटची गच्ची मध्यरात्रीपर्यंत भाजते. तिच्यावर पाणी मारावे म्हटले, तर पाणी कुठले? तरीही लोक वर जातातच. तिथे वारा असतो आणि डोक्यावर सारे आभाळ असते. उत्तरेला सप्तर्षी दिसतात. चार ताऱ्यांची खाट आणि मागे तीन ताऱ्यांची शेपटी. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. नीट पाहिले तर त्याला चिकटून एक बारीक तारा दिसतो. ती अरुंधती. जुने लोक तिच्यावरून डोळ्यांची परीक्षा घेत.

गेल्या उन्हाळ्यात नातू असाच वर पडला होता. तो म्हणाला, "आजी, ती बघ अरुंधती."

आजीने बराच वेळ वर पाहिले. मग ती म्हणाली, "अरे, माले वसिष्ठच दिसत नही. अरुंधती कोठली?"

दुसऱ्या दिवशी मुलाने तिला एरंडोलला डॉक्टरांकडे नेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले भिंग गढूळ होणे. ते औषधाच्या थेंबांनी जात नाही. ऑपरेशन करून जुने भिंग काढतात आणि नवे बसवतात. सरकारी दवाखान्यात ते फुकट होते. डॉक्टरांनी हे सर्व समजावून सांगितले. पण आजी भ्याली. "डोळा गया तं?" एवढेच ती म्हणाली. "पाऊस होऊ दे, मग बघू," मुलगा म्हणाला.

मिरगाचा पाऊस आला. पहिल्या सरीनंतर मातीचा जो वास येतो, त्याला पैसा पडत नाही आणि तो विकतही मिळत नाही. आजी ओसरीवर बसून तो वास घेत राहिली. त्याला डोळे लागत नाहीत.

श्रावण आला. धरणगाव पूर्वी एरंडोल तालुक्यातच होते. तिथे 1890 साली त्र्यंबक बापूजी ठोमरे जन्मले. त्यांनाच सारा महाराष्ट्र बालकवी म्हणतो. श्रावणातल्या ऊनपावसाची त्यांची कविता तुमच्या मुलांना पाठ असेल. त्यांच्याकडून म्हणून घ्या. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली. घरोघरी रोट झाले. रात्रभर जागरण झाले. सोमवारी वाजतगाजत कानबाईचे विसर्जन झाले. पुढे पोळ्याला बैल सजले.

शेतात निंदणी चालली होती. इथे मला बहिणाबाई चौधरींची आठवण होते. त्या जळगावजवळच्या आसोद्याच्या. जन्म 1880 सालचा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरुणपणीच वैधव्य आले. आयुष्य शेतात आणि घरकामात गेले. पण शेतात जाता जाता त्यांचे डोळे उघडे असत. सुगरण पक्ष्याचा खोपा, विहिरीवरची मोट, घरातले जाते, पेरणी, मळणी. जे रोज दिसे, त्याच्यावर त्या गाणी रचत. घरच्यांनी ती लिहून ठेवली. 1951 साली त्या वारल्या आणि 1952 साली गाण्यांचे पुस्तक निघाले. सुगरणीचा खोपा तुमच्याही विहिरीवर लोंबत असेल. आपण त्याच्याखालून वाकून जातो, वर पाहत नाही.

भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईचे दिवस. मुली घरोघरी जाऊन गाणी म्हणतात. गाणी झाली की डब्यातली खिरापत ओळखायची. डबा हलवून पाहायचा, वास घ्यायचा, आणि ओळखेपर्यंत खायला मिळत नाही. आजीच्या घरी मुली आल्या, तेव्हा आजीने नुसत्या आवाजावरून खिरापत ओळखली. मुली हसल्या. सून मात्र हसली नाही. आजी डब्याकडे नाही, भलतीकडेच पाहत होती.

त्या रात्री सुनेने नवऱ्याला सांगितले, "मायला पद्मालयाला न्यायचे."

"नेऊ. वेचणी होऊ दे."

"वेचणी झाल्यावर कमळे राहतील का?"

मुलगा गप्प झाला. त्याचेही खोटे नव्हते. आश्विनात पाऊस उघडला होता. कापूस फुटला होता. शेत पांढरे दिसत होते. वेचणीला बायका मिळत नव्हत्या. अशात एक दिवस घालवायचा म्हणजे जिवावर येते. आभाळ आले तर काय?

आजी कोपऱ्यातून ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "माले पद्मालय देखनं शे. आते नही तं कव्हय?"

मग मात्र मुलगा काही बोलला नाही. शेजाऱ्याला त्याने गुरे बघायला सांगितले आणि पहाटे गाडी जुंपली. कमळ सकाळी उमलते. ऊन चढले की ते मिटू लागते. म्हणून लवकर निघाले. गाडीत आजी, सून, नातू आणि एक मोठे गाठोडे. गाठोड्यात ज्वारीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा, दाण्याची चटणी, कांदे आणि गूळ.

नातू म्हणाला, "आजी, एवढे कोण खाणार? बकासुर?"

तो थट्टेने बोलला, पण त्या वाटेवर ती थट्टा शोभते. लोक एरंडोललाच जुनी एकचक्रानगरी मानतात. बकासुर नावाचा राक्षस रोज गाडीभर अन्न आणि एक माणूस मागे. एके दिवशी भीम गाडी घेऊन गेला. त्याने अन्न स्वतःच खाल्ले आणि बकासुराला मारले. पद्मालयाजवळच्या रानात भीमकुंड आहे. ही मारामारी तिथेच झाली, असे लोक सांगतात. आजीने ही गोष्ट नातवाला शंभरदा सांगितली होती. ज्या वाटेची गोष्ट सांगितली, त्या वाटेने ती आज प्रथमच चालली होती.

एरंडोलला अंजनी नदी लागली. याच एरंडोलात एके काळी हाताने कागद बनत असे. तो दूरवर विकला जाई. नातवाला हे माहीत नव्हते. माझ्या ओळखीच्या पुष्कळ शिकलेल्या माणसांनाही माहीत नाही. गावाबाहेर पडल्यावर रान लागले. साग, पळस, मध्येच गवताचे माळ. सूर्य वर आला. आजी विचारत होती, "आते काय दिसस?" सून सांगत होती. तिला जे दिसे ते सर्व ती सांगत होती. "माय, एक मोर गेला. माय, दोन बायका मोळ्या घेऊन चालल्या."

पद्मालयाला पोचले, तेव्हा आठ वाजले होते. मंदिर दगडी. आत दोन गणपती शेजारी शेजारी आहेत. एकाची सोंड उजवीकडे, दुसऱ्याची डावीकडे. असे दोन गणपती एका गाभाऱ्यात फारसे पाहायला मिळत नाहीत. मंदिरात मोठी घंटा आहे. पण आजी आधी मंदिरात गेलीच नाही. ती म्हणाली, देव कुठे जात नाही, कमळे मिटतील.

तळ्याच्या काठी सुनेने तिला हात धरून नेले. तळे पानांनी भरले होते. पानांच्या वर कमळे उभी होती. आजीने डोळे बारीक केले. तिला काय दिसले? तिने पुढे सांगितले ते असे: कोणी गुलाबी लुगडी धुऊन पाण्यावर वाळत घातली आहेत, असे दिसले. एकेक फूल वेगळे दिसले नाही.

नातू फूल तोडायला निघाला. आजीने त्याला थांबवले. "जथं शे तथंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. मग ती काठावर बसली. हाताशी एक पान होते. तिने त्याच्यावर ओंजळभर पाणी टाकले. पाणी पानाला चिकटले नाही. पाऱ्यासारखा गोळा होऊन घरंगळत गेला. पुन्हा टाकले. पुन्हा घरंगळला. आजी लहान पोरीसारखी हे करत बसली. मुलगा दोन वेळा आभाळाकडे बघून आला. पश्चिमेला ढग जमत होते. तो काही बोलला नाही.

मग सगळे देवळात गेले. सुनेने हात उंच करून घंटा वाजवली. आवाज रानात घुमत गेला. तिने आणखी एकदा वाजवली. नवरा म्हणाला, "पहिल्यांदा वाजवल्यासारखी काय वाजवतेस?"

सून म्हणाली, "पहिल्यांदाच वाजवते."

तिच्या लग्नाला एकोणीस वर्षे झाली होती. ती पद्मालयाला कधी आली नव्हती. आजीची इच्छा निदान सगळ्यांना माहीत होती. हिला कोणी विचारलेच नव्हते. आणि तिने सांगितलेही नव्हते.

झाडाखाली बसून त्यांनी भाकरी खाल्ल्या. बकासुराशिवायच गाठोडे रिकामे झाले. नारळ, फुले आणि नातवाला रेवड्या, एवढाच खर्च झाला.

त्याच रात्री पाऊस पडला. फुटलेला कापूस भिजला. त्यांनी तो वाळवला, पण त्याला भाव कमी आला. हा तोटा खराच झाला, तो लपवण्यात अर्थ नाही. मुलाने तो हिशेब आजीला सांगितला नाही, बायकोला सांगितला. ती म्हणाली, "मला नका सांगू. वेचते मीच. किती भिजला ते मला ठाऊक आहे." आणि दुसऱ्या दिवशी ती ओल्या शेतात वेचणीला गेली.

पद्मालयाहून आल्यावर आजीची भीती कमी झाली. "आते डोळा गया तरी चाले," ती म्हणाली. पण डोळा गेला नाही. कार्तिकात जळगावला ऑपरेशन झाले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. समोर सून उभी होती. आजीने तिच्याकडे पाहिले आणि विचारले, "इतली वाळनी कव्हय तू?"

मार्गशीर्षात चंपाषष्ठी येते. चातुर्मासात वांगी न खाणारे त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि वांगी खायला लागतात. तिथून पुढे थंडीभर भरताचे दिवस. खानदेशी भरीत घरातल्या गॅसवर होते, पण तसे लागत नाही. ते शेतातच करावे. वांगी मोठी, ताजी आणि हाताला हलकी लागणारी घ्यावीत. हलक्या वांग्यात बी कमी असते. त्यांना टोचे मारावेत, नाहीतर आगीत फुटतात. कापसाच्या वाळलेल्या काड्या पेटवून त्यांवर ती भाजावीत. सारखी फिरवावीत. साल काळी पडून आतला गर लोण्यासारखा झाला की साल काढावी. मग खोलगट लाकडी भांड्यात गर ठेचावा. तेल तापवून त्यात शेंगदाणे टाकावेत. भाजून ठेचलेली हिरवी मिरची, कांद्याची पात आणि कोथिंबीर टाकून गर त्यात घालावा. सोबत कळण्याची भाकरी. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली ती कळण्याची. विकत आणायचे असे यात फारसे काहीच नाही. वांगी मळ्यातली, काड्या शेतातल्या, भूक स्वतःची.

त्या वर्षी आजीच्या शेतात भरीत झाले, तेव्हा मुलाने वांगी भाजली. नातवाने पात चिरली. आजीला डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितले होते. ती काळा चष्मा लावून वाऱ्याच्या अलीकडे बसली आणि तिथून हुकूम सोडत राहिली. "ते डाव्या हातचं वांगं करपलं!" खरेच करपले होते. सून आजीच्या शेजारी बसून होती. तिला कोणी उठू दिले नाही. पहिला घास घेऊन ती म्हणाली, "मीठ कमी आहे." मुलगा मुकाट्याने मीठ घेऊन आला.

पौषात दादर ज्वारीचा हुरडा झाला, हरभऱ्याचा हुळा झाला. होळी आली. दुसऱ्या डोळ्याचेही ऑपरेशन झाले.

परवा आजीने विचारले, "आते अंमळनेरना रथ कव्हय?"

सून हल्ली रात्रीच्या वर्गाला येते. तिने भिंतीवरचे कॅलेंडर खाली काढले. वैशाखाचे पान उलटले. बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचले. आखाजी सापडली. तिथून आठ चौकोन मोजले. एकादशी सापडली. त्या सुमारास नणंद माहेरी आलेली असेल, तिलाही न्यायचे ठरले. नातवाने तिकिटांचा हिशेब केला. एसटीत 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट प्रवास आहे आणि 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट. म्हणजे आजीचे काहीच नाही आणि सून व आत्या मिळून एक तिकीट.

"आणि पापड?" मुलाने विचारले.

"ते आखाजीच्या आधीच करू," सून म्हणाली. "या खेपेला तुम्हीही लाटायला बसा."

मग तिने पेन्सिल घेतली आणि एकादशीच्या चौकोनात स्वतःच्या हाताने लिहिले: रथ.